बरणीतली कोणती अमेरिकन नाणी मोलाची, आणि कशामुळे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील न्यू जर्सीतल्या एडिसन गावचं घर आवरून भारतात परतले आणि जाताना चिल्लरीची मोठी बरणी तुमच्याकडे ठेवून गेले. तिच्यात 1976 चे ढोलवाल्या शिपायाचे काही क्वार्टर आहेत, टांकसाळीची खूण नसलेला 1979 चा एक डाइम आहे, आणि 1998 ची एक पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, आहे जिच्यावरचं साल तुम्हाला दुहेरी दिसतं. व्हिडिओवाल्यांनी तिन्हींचे भाव हजारो डॉलर सांगितले. यातलं खरं किती आणि मुळात इतक्या अलीकडच्या नाण्यांना किंमत येते कशाने, हे तुम्हाला हवंय.

आधी थेट उत्तर. क्वार्टर पंचवीस सेंटचे आणि डाइम दहा सेंटचा. पेनीबद्दल मात्र लगेच 'नाही' म्हणणार नाही, पण तुम्ही तिची चुकीची बाजू बघताय. त्याकडे खाली येतो.

मी बरीच वर्षं इथल्या नाणेसंग्राहकांच्या क्लबात आलेल्या लोकांचे डबे तपासून देतो आणि थोडीफार खरेदी-विक्रीही करतो. बहुतेक जण खुणांची यादी पाठ करून येतात: खूण नसली की महाग, पेनी तांब्याची असली की महाग, अक्षरं जवळजवळ असली की महाग. पण कुठलीच खूण स्वतःहून महाग नसते. नाण्यावरचं साल आणि नाण्याची बनावट यांचा मेळ जिथे बसत नाही, तिथे किंमत निर्माण होते. तीच गोष्ट एका साली कवडीमोल असते आणि पुढच्या साली तिच्यासाठी लोक लिलावात भिडतात. हे एकदा डोक्यात बसलं की यादी पाठ करावी लागत नाही.

पेनीच घ्या. 1982 साली अमेरिकेने तिचा धातू बदलला. तोवर ती 95 टक्के तांब्याची होती, वजन 3.11 ग्रॅम. नंतर आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ मुलामा, वजन 2.5 ग्रॅम. बदल वर्षाच्या मध्येच झाल्यामुळे 1982 च्या पेन्या दोन्ही धातूंत निघाल्या. त्यातच सालाचे आकडे मोठे आणि लहान अशा दोन घडणी, आणि फिलाडेल्फिया व डेन्व्हर या दोन टांकसाळी. हे सगळं मिळून सात रीतसर प्रकार होतात, आणि त्या सातांपैकी कशालाही साध्या अवस्थेत विशेष भाव नाही. आठवा प्रकार, म्हणजे डेन्व्हरची, लहान आकड्यांची आणि तांब्याची पेनी, टांकसाळीने बनवायचं ठरवलंच नव्हतं. ती अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडली आहे. कुठल्यातरी डब्याच्या किंवा यंत्राच्या कोपऱ्यात जुन्या तांब्याच्या कोऱ्या चकत्या अडकून राहिल्या आणि नव्या ठशाखाली गेल्या, असं अशा वेळी घडतं. 1983 सालचा शिक्का असलेली तांब्याची पेनीही अशीच, मोजकी. म्हणजे 3.11 ग्रॅमची 1981 ची पेनी एक सेंटची, आणि तेवढ्याच वजनाची 1983 ची पेनी हजारो डॉलरची. धातू एकच, साल वेगळं.

या गटातलं सगळ्यात प्रसिद्ध नाणं जुनं आहे: 1943 ची तांब्याची पेनी. युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून त्या वर्षी पेन्या जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पाडल्या, आणि मागच्या वर्षीच्या थोड्या तांब्याच्या चकत्या त्यांच्यात मिसळल्या गेल्या. क्लबच्या टेबलावर अशी 'तांब्याची' 1943 ची पेनी आली की मी आधी चुंबक पुढे करतो. मी पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या टचकन चिकटल्या, कारण त्या पोलादीच होत्या, वर कोणीतरी तांबं चढवलेलं.

डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलरच्या बाबतीत असा सांधा 1964 आणि 1965 चा. 1964 पर्यंत ही नाणी 90 टक्के चांदीची होती. 1965 च्या कायद्यानंतर डाइम आणि क्वार्टरमधून चांदी गेली आणि तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचे थर आले. चांदीचा क्वार्टर 6.25 ग्रॅमचा, नवा 5.67 चा. नव्याची कड पाहिली तर मध्ये तांबूस रेघ दिसते. 1965 सालातही 1964 चा शिक्का असलेली चांदीची नाणी पाडणं चालू होतं, त्यामुळे दोन्ही चकत्यांची सरमिसळ झाली आणि चांदीवर पडलेले 1965 चे काही क्वार्टर निसटले. असं नाणं तुमच्या बरणीत निघण्याची आशा धरू नका. पण 1964 किंवा त्याआधीचे साधे चांदीचे डाइम-क्वार्टर निघू शकतात, आणि 1965 ते 1970 चे हाफ डॉलरही, कारण त्यांत 40 टक्के चांदी होती. बरणीतून खरोखर पैसे निघतात ते बहुतेक वेळा याच धातूचे, आणि त्यांना चांदीचा त्या दिवशीचा भाव मिळतो. म्हणून मी सगळ्यांना भिंगाच्या आधी शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्यायला सांगतो. डोळा फसतो, काटा सहसा फसत नाही.

आता तुमचा बिनखुणेचा डाइम. आपल्या रुपयावर सालाखाली मुंबई टांकसाळीचा छोटा हिरा असतो, तशी इथे अक्षरं असतात: पी फिलाडेल्फियाचा, डी डेन्व्हरचा, एस सॅन फ्रान्सिस्कोचा, डब्ल्यू वेस्ट पॉइंटचा. पण डाइम आणि क्वार्टरवर फिलाडेल्फियाने पी घालायला सुरुवात केली 1980 साली. त्याआधी खूण नसणं हीच फिलाडेल्फियाची ओळख होती. 1965 ते 1967 या तीन वर्षांत तर कुठल्याच टांकसाळीने खूण घातली नाही. चिल्लरीची टंचाई होती आणि लोकांनी खुणा बघून नाणी साठवू नयेत, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे 'खूण नसलेला 1965 चा क्वार्टर' म्हणून जे व्हिडिओ फिरतात, ते सरळसरळ दिशाभूल करतात. त्या सालच्या क्वार्टरवर खूण नाहीच.

हाच डाइम 1982 चा असता तर मी तुम्हाला आजच भेटायला बोलावलं असतं. त्या काळी खूण प्रत्येक डायवर, म्हणजे चकतीवर छाप उमटवणाऱ्या पोलादी साच्यावर, हाताने ठोकत. फिलाडेल्फियात एका डायवर पी ठोकायचा राहिला आणि त्या डायने हजारो डाइम पाडले. ओहायोतल्या सँडस्कीच्या सीडर पॉइंट या मनोरंजन पार्कात ते सुट्टे म्हणून लोकांच्या हातात गेले. आज वापरलेल्यालाही बऱ्यापैकी भाव येतो, आणि ठसा ठळक असेल तर जास्त. संग्राहकांसाठी सॅन फ्रान्सिस्कोत खास घोटून पाडलेल्या प्रूफ नाण्यांतही अशी चूक काही वेळा झाली: 1990 ची एस नसलेली पेनी, आणि 1975 चा एस नसलेला डाइम, ज्याची फक्त दोनच नाणी माहीत आहेत. पण प्रूफ नाणी बंद पाकिटातून येतात, बरणीत नाही. वडिलांनी टांकसाळीचे वार्षिक संच घेतले होते का, एवढं मात्र त्यांना विचारा. पेनीच्या बाबतीत गणित आणखी वेगळं. फिलाडेल्फियाच्या पेनीवर पी आला तो फक्त 2017 साली, टांकसाळीच्या 225 व्या वर्षानिमित्त. लोकांनी तेव्हा रोलच्या रोल बाजूला ठेवले, आणि ते आजही एकेका सेंटचेच आहेत, कारण त्या पेन्या अब्जावधी निघाल्या.

आता 1998 ची पेनी उलटी करा. मागच्या बाजूला लिंकन स्मारकाच्या वर अमेरिका हा शब्द आहे. त्यातलं पहिलं ए आणि एम ही अक्षरं तळाशी जवळजवळ चिकटलेली आहेत की मध्ये स्पष्ट फट आहे, ते भिंगाखाली बघा. 1993 पासून रोजच्या वापराच्या पेन्यांवर ती चिकटलेली असायची आणि फट असलेली घडण प्रूफ नाण्यांसाठी होती. पण 1998, 1999 आणि 2000 साली प्रूफच्या काही डाय चुकून रोजच्या नाण्यांना लागल्या. त्यामुळे तुमच्या 1998 च्या पेनीवर फट असेल तर ती बाजूला काढा. दुसरी खूणही पडताळा: फट असलेल्या घडणीत स्मारकाच्या उजव्या अंगाला असलेली एफ आणि जी ही शिल्पकाराची आद्याक्षरं इमारतीला लागून असतात, चिकटलेल्या घडणीत थोडी दूर. 1992 च्या पेनीचं मात्र बरोबर उलटं. त्या साली फट असणं रीतसर होतं, आणि पुढच्या वर्षीची डाय आधीच लागल्यामुळे अक्षरं चिकटलेल्या मोजक्या पेन्या निघाल्या. 1992 ची चिकटलेली हजारो डॉलरला जाते आणि 1993 ची चिकटलेली खर्चून टाकायची. सालाकडे न बघता 'जवळची अक्षरं महाग' सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मग समोरच्या बाजूचं दुहेरी साल? ते बहुधा यंत्राच्या थरथरीचं असणार. फोटोशिवाय छातीठोक सांगता येत नाही, पण फरक कसा ओळखायचा ते सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. डाय बनवताना मूळ ठसा तिच्यात एकापेक्षा जास्त वेळा दाबला जाई. दुसऱ्या वेळी डाय किंचित फिरलेली असली तर अक्षरं डायमध्येच दोनदा कोरली जात, आणि त्या डायचं प्रत्येक नाणं तसंच निघे. याला डबल्ड डाय म्हणतात: 1969 ची एस खुणेची पेनी, 1972 ची फिलाडेल्फियाची, 1995 ची. यांत दोन्ही प्रतिमा गोलसर आणि उंच असतात, अक्षर एकूण जाड होतं, आणि त्याच्या टोकांना मासोळीच्या शेपटीसारखी खाच पडते. यंत्राच्या थरथरीत उलट घडतं. नाणं पडल्यावर सैल डाय जराशी घसरते आणि ताज्या अक्षराची कड खरवडते. तिथे चपटी, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होतं. अशी नाणी लाखोंनी आहेत आणि त्यांना किंमत नाही.

1969 च्या एस पेनीसाठी तर एक फार सुंदर कसोटी आहे. त्या काळी खूण डाय तयार झाल्यावर नंतर हाताने ठोकत, त्यामुळे खऱ्या डबल्ड डायमध्ये साल आणि अक्षरं दुहेरी असतात पण एस एकेरी असतो. एसही दुहेरी दिसला, तर ती थरथर. कोणी ही पेनी दाखवली की माझी नजर आधी त्या एसवर जाते, आणि बहुतेकदा उत्तर तिथेच मिळतं. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात ठसा एकाच दाबात उमटवायची पद्धत आली आणि अशा ठळक चुका जवळपास थांबल्या. त्यानंतरच्या सालांत सापडतात ते बारीक प्रकार, आणि त्यांचा बाजार लहान आहे.

चूक ओळखली जायला वेळ लागतो, आणि तो वेळही किमतीत मोजला जातो. 2000 साली चिरिओज या नाश्त्याच्या खोक्यांतून नव्या साकागाविया डॉलरची 5,500 नाणी वाटली गेली. त्यांतल्या काहींवर गरुडाच्या शेपटीची पिसं जास्त बारकाईने कोरलेली होती, म्हणजे नेहमीच्या उत्पादनाआधीची घडण. हे लोकांच्या लक्षात आलं 2005 साली. तोवर कित्येक खर्चून झाले असतील. उरले त्यांना मोठा भाव आहे. याच्या उलट 2004 चा डेन्व्हरचा, विस्कॉन्सिन राज्याच्या चित्राचा क्वार्टर. मक्याच्या कणसाला जास्तीचं पान, हे पहिल्या काही महिन्यांतच गाजलं, भाव भराभर चढले, मग टेक्सस-अ‍ॅरिझोनाकडून पोत्यांनी नाणी बाहेर आली आणि भाव उतरले. 2007 च्या वॉशिंग्टन डॉलरचंही तेच. त्याच्या कडेवर साल आणि 'इन गॉड वुई ट्रस्ट' ही ओळ असते. ती उमटवणारं यंत्र वेगळं होतं, आणि हजारो नाणी त्यातून न जाताच बाहेर पडली. पहिल्या आठवड्यांत घेणाऱ्यांनी जो पैसा मोजला तो पुढे वसूल झाला नाही. म्हणून नव्या चुकीवर पहिल्या महिन्यात पैसे लावू नका, असं मी अगदी कळकळीने सांगतो. आणि त्याच डॉलरवर कडेची ओळ उलटी दिसते म्हणून कोणी जास्त मागितले तर देऊ नका. नाणी यंत्रात कशीही पडत, त्यामुळे निम्म्यांवर ती उलटीच असते.

आता मागणीबद्दल, कारण कमी संख्या ही अर्धीच गोष्ट आहे. 1995 साली चांदीच्या ईगल डॉलरचं वेस्ट पॉइंटचं प्रूफ नाणं फक्त 30,125 निघालं. ते सुटं मिळत नव्हतं, सोन्याच्या नाण्यांसह 999 डॉलरच्या संचातच घ्यावं लागे. आज त्या एका नाण्याला हजारो डॉलर पडतात. त्याच 1995 सालचा पॅरालिम्पिकचा चांदीचा डॉलर, डेन्व्हरचा, प्रूफ नसलेला, तीस हजारांहूनही कमी निघाला. पण त्याचा भाव आतल्या चांदीपासून फार लांब जात नाही. कारण ईगलची मालिका 1986 पासून दरवर्षी चालू आहे, हजारो लोक ती सालवार भरतात, आणि 1995 च्या डब्ल्यूची जागा रिकामी राहिली की त्यांना चैन पडत नाही. पॅरालिम्पिकच्या डॉलरसाठी अल्बममध्ये अशी जागा राखून ठेवणारे फार थोडे. नाणं कमी असणं पुरत नाही, ते हवं असणारे त्याहून जास्त असावे लागतात.

चिल्लरीत आजही सापडणारं याचं उदाहरण म्हणजे 2019 आणि 2020 चे डब्ल्यू खुणेचे क्वार्टर. वेस्ट पॉइंटने प्रत्येक चित्राचे 20 लाख थेट चलनात सोडले. क्वार्टरच्या मानाने हा आकडा लहान आहे, आणि वापरलेल्यालाही काही डॉलर सहज येतात. तुमच्या 1976 च्या क्वार्टरची संख्या मात्र 160 कोटींच्या वर आहे, आणि 'दोन साल छापलेलं नाणं' म्हणून तेव्हाही घरोघरी जपून ठेवलं गेलं.

अवस्थेची बाब वेगळी, आणि तिथे नियम खूप परिस्थितीवर अवलंबून. 1982 आणि 1983 साली टांकसाळीने न वापरलेल्या नाण्यांचे वार्षिक संच काढलेच नाहीत. क्वार्टर कोट्यवधी पाडले, पण ते सगळे पोत्यांतून चलनात गेले आणि झिजले. म्हणून त्या दोन सालांचे चकचकीत, ओरखडा नसलेले क्वार्टर आज शोधावे लागतात. 70 गुणांच्या मापावर 65 आणि 67 यांतला फरक नवख्याला दिसतही नाही, पण किमतीत तो कित्येक पट असू शकतो. बरणीतल्या नाण्यांना हे लागू होत नाही, ती एकमेकांवर आपटून आलेली आहेत. आणि काहीही झालं तरी नाणी घासू, पुसू, लिंबात बुडवू नका. चमक येते, भाव जातो, आणि तो परत आणता येत नाही.

फुगलेला मुलामा, वाकलेली कड, काळवंडलेला क्वार्टर, कपडे वाळवायच्या यंत्रात गोल घासली गेलेली पेनी, ही टांकसाळीतून निघाल्यावर झालेली इजा. तिला संग्राहकांत किंमत नाही. नाण्यावर काही विचित्र दिसलं की मी एवढंच विचारतो: हे टांकसाळीच्या यंत्रात होऊ शकेल का? कसं? उत्तर सुचत नसेल तर ते बहुतेक बाहेर झालेलं असतं.

प्रमाणपत्राचं म्हणाल, तर नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या पीसीजीएस किंवा एनजीसी या कंपन्यांकडे पाठवण्याचं शुल्क, टपाल आणि विमा मिळून साध्या नाण्यासाठी नाकापेक्षा मोती जड होतो. नाणं नक्की काय आहे हे कळल्यावर, आणि खर्चाच्या कित्येक पट भाव अपेक्षित असेल तरच पाठवा. भाव बघताना लोक काय मागतात ते बघू नका, प्रत्यक्ष विकलं गेलं तो आकडा बघा. मागणारा काहीही मागू शकतो.

2025 च्या नोव्हेंबरात चलनासाठी पेनी पाडणं बंद झाल्यापासून सगळ्याच पेन्या महाग होणार अशी हूल उठली आहे. अब्जावधी पेन्या घरोघरच्या बरण्यांत पडून आहेत, तेव्हा तसं काही होईल असं मला वाटत नाही. तांब्याच्या जुन्या पेन्या वितळवून पैसे करण्याचाही विचार करू नका, 2006 च्या अखेरीस इथे त्यावर बंदी आली.

तुमच्या बरणीसाठी क्रम असा ठेवा. आधी 1964 पर्यंतचे डाइम-क्वार्टर आणि 1970 पर्यंतचे हाफ डॉलर वेगळे करा. मग 1982 आणि 1983 च्या पेन्यांचं वजन करा. 1982 च्या तांब्याच्या निघतीलच, त्यांत फक्त डी खुणेच्या लहान आकड्यांकडे बघा. 1992 आणि 1998 ते 2000 च्या पेन्यांची मागची बाजू, 1969 ची एस, 1972 आणि 1995 च्या पेन्यांची पुढची. 1982 चा डाइम. 2019-20 च्या क्वार्टरवर डब्ल्यू. एवढ्यात एका संध्याकाळी सगळं होतं. 1998 च्या पेनीचा फोटो टाकाल तेव्हा दोन्ही बाजूंचा टाका, नाणं सपाट ठेवून सरळ वरून, आणि दिवा एका अंगाने तिरका, म्हणजे अक्षराच्या कडेची पायरी असली तर तिची सावली दिसेल. सोबत काट्यावरचं वजन लिहा.